बादली उगारली की मारली? कोर्टातल्या मागच्या बाकाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचे इअरफोन कानात टिकत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतेय.

आज कोर्टात जायचंय. घाबरू नका, आपण आरोपी नाही, फिर्यादी नाही आणि साक्षीदारही नाही. आपण मागच्या बाकावर बसणार आहोत. प्रत्येक कोर्टरूममध्ये असा एक बाक असतो. लाकडी, थोडा डुगडुगणारा. तो कुणासाठी ठेवलेला असतो, याचा विचार मी लॉ कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापर्यंत कधीच केला नव्हता. आजचा भाग त्या बाकाबद्दल आहे. त्यात एक बादली येईल, लोकमान्य टिळक येतील आणि शेवटी तुमच्या हातातला मोबाईलसुद्धा येईल. एकमेकांशी संबंध काय, ते हळूहळू कळेल.

डायरी आणि तीस मार्क

वकिलीचा अभ्यास करणाऱ्यांना हे माहीत असेल. बार काउन्सिलच्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला दोन खटले प्रत्यक्ष कोर्टात बसून बघावे लागतात, एक दिवाणी आणि एक फौजदारी. बघितलेलं सगळं डायरीत लिहायचं आणि ती डायरी कॉलेजात द्यायची. त्याला तीस मार्क असतात. खरं सांगते, मी गेले ती त्या तीस मार्कांसाठीच.

मुंबईतलंच एक मॅजिस्ट्रेट कोर्ट होतं. सकाळी साडेदहालाच पोहोचले. बाहेर भिंतीवर बोर्ड लावलेला, म्हणजे त्या दिवशी कोणकोणत्या केसेस आहेत त्याची यादी. बोर्डाभोवती माणसांची झुंबड. कुणी बोट फिरवत स्वतःचं नाव शोधतंय, कुणी वकिलाला फोन लावतंय, एक पोरगं आईच्या कडेवर झोपलेलं.

आत गेले आणि मागच्या बाकावर बसले. पहिल्या पाच मिनिटांत शिपायाने लांबूनच मला खूण केली. मला काही कळेना. मग शेजारच्या काकांनी हळूच सांगितलं, "पाय खाली घे बाळ. पायावर पाय टाकून बसायचं नसतं इथे." कायद्याच्या तीन वर्षांत हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

सिनेमातलं कोर्ट डोक्यात घेऊन गेलात तर पहिला तास फार जड जातो. कुणी टेबलावर हात आपटत नाही. पुकारा होतो, माणूस पुढे येतो, वकील अर्ज देतात, पुढची तारीख पडते, माणूस निघून जातो. पुन्हा पुकारा. कुणी एक मिनिट उभा, कुणी तेवढाही नाही. सकाळपासून वाट बघितलेल्या माणसाच्या वाट्याला आलेलं ते एक मिनिट. माझ्या डायरीत तोपर्यंत फक्त तारीख आणि कोर्टरूमचा नंबर लिहिलेला होता.

बादलीची गोष्ट

साडेबाराच्या सुमारास एक साक्ष सुरू झाली. केस साधी होती. चाळीतला सार्वजनिक नळ, पाण्यावरून भांडण, त्यातून मारामारी. आरोपी एक मध्यमवयीन माणूस. फिर्यादीचं म्हणणं, याने मला बादलीने मारलं. आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या खोलीतल्या एक आजी आल्या होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तरी पिशवी काही खाली ठेवेनात.

शपथ झाली. सरकारी वकिलांनी मराठीतच विचारलं, "मग पुढे काय झालं?"

आजी म्हणाल्या, "मग ह्यानं बादली उगारली."

मॅजिस्ट्रेट मॅडमनी ते ऐकलं आणि स्टेनोला इंग्रजीत सांगितलं. मुंबईत कामकाज बरंचसं इंग्रजीत चालतं, तुम्हाला माहीत असेलच. त्यांनी शब्द वापरला 'असॉल्ट'. स्टेनोने टाइप केलं. मी पण डायरीत लिहिलं. आणि नीट ऐका, मी काय लिहिलं? मी लिहिलं, "साक्षीदाराच्या सांगण्यानुसार आरोपीने बादलीने मारहाण केली."

साक्ष संपली. नियम असा आहे, की साक्षीदाराने जे सांगितलं ते नोंदवून झाल्यावर त्याला वाचून दाखवायचं. त्याला समजत असलेल्या भाषेत. आणि तो म्हणाला की हे चुकलंय, तर त्याची दखल घ्यायची. कोर्टातल्या कारकुनाने इंग्रजी कागद हातात घेतला आणि आजींना मराठीत सांगायला सुरुवात केली. नळ, वेळ, कोण कुठे उभं होतं, सगळं बरोबर. आजी मान डोलवत होत्या. मग तो म्हणाला, "आणि आरोपीने बादलीने मारहाण केली."

आजींची मान थांबली.

"मी असं न्हाई म्हनले. उगारली म्हनले. मारली न्हाई."

कारकून थांबला. सरकारी वकिलांनी कागद चाळले, कारण पोलिसांच्या जबाबात 'मारली' असं होतं. आरोपीचे वकील एकदम ताठ बसले. मॅडमनी चष्मा काढला आणि आजींना पुन्हा विचारलं, "म्हणजे बादली लागली की नाही फिर्यादीला?"

आजींनी कापडी पिशवी एका हातात घेतली, दुसरा हात डोक्याच्या वर नेला आणि तिथेच धरून ठेवला. "हे असं. हितवर. मंग मी डोळे झाकले. पुढचं मला दिसलं न्हाई, मंग मी कशी सांगू?"

आता गंमत बघा. यात चुकलं कुणाचं? कायद्याच्या इंग्रजीत 'असॉल्ट' म्हणजे मारणंच असं नाही. समोरच्याला आता हा मारणार अशी भीती वाटेल असा नुसता हावभाव केला, तरी तो 'असॉल्ट' होतो. म्हणजे 'उगारली' या शब्दासाठी मॅडमनी वापरलेला शब्द कायद्याने अगदी बरोबर होता. पण तोच शब्द इंग्रजीतून परत मराठीत आला तेव्हा 'मारहाण' झाला. बादली हवेत होती. नळावरून इंग्रजीत जाऊन मराठीत परत येईपर्यंत ती माणसाच्या डोक्यात बसली होती.

आणि हा फरक शब्दांच्या खेळापुरता नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद होती आणि नुसत्या उगारण्याला तीन महिन्यांपर्यंत. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण हा फरक तसाच आहे. एका माणसाच्या आयुष्यातले नऊ महिने एका क्रियापदाला लटकलेले होते.

मॅडमनी नोंद दुरुस्त केली. बादली वर उचलली एवढंच लिहायला सांगितलं आणि स्टेनोला म्हणाल्या, "त्यांचा मूळ शब्द मराठीत कंसात टाका." आजींनी अंगठा नाही, सही केली. सावकाश, एकेक अक्षर काढत. मग पिशवी सांभाळत निघून गेल्या.

मी माझ्या डायरीकडे बघत बसले. मी मराठी माध्यमात शिकलेली मुलगी. माझ्यापासून पंधरा फुटांवर एक बाई माझ्या भाषेत बोलली. मी तिचं ऐकलं, पण लिहिताना इंग्रजी ऐकून लिहिलं. भाषांतर करणाऱ्याकडे निदान कारण होतं. माझ्याकडे काय कारण होतं? मी तर ऐकायलाच गेले होते.

हायकोर्टातली ती पाटी

पुढच्या आठवड्यात आमच्या सरांनी वर्गाला मुंबई हायकोर्ट बघायला नेलं. ओव्हल मैदानाकडून ती इमारत बघितली असेल तुम्ही. काळ्या दगडाची, उंच, टोकदार कमानींची. कर्नल फुलर या इंजिनियरने आराखडा केला, १८७१ मध्ये काम सुरू झालं आणि १८७८ मध्ये संपलं. वर दोन पुतळे आहेत, एक न्यायाचा आणि एक दयेचा. पण आम्हा पोरांना सरांनी खांबावरचं एक छोटं कोरीवकाम दाखवलं, एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं आणि हातात तराजू धरलेलं माकड. दगड कोरणाऱ्यांनी केलेली ही थट्टा का, याच्या दंतकथा बऱ्याच आहेत. मला एवढंच कौतुक वाटलं की ती थट्टा आजवर कुणी फोडून काढली नाही.

मग सर आम्हाला मध्यवर्ती कोर्टरूमपाशी घेऊन गेले. तिथे संगमरवरी पाटी आहे. टिळकांच्या खटल्याची. १९०८ मध्ये याच कोर्टरूममध्ये शिक्षा सुनावली गेली, त्या आधी टिळक जे बोलले ते तिच्यावर कोरलंय. आशय असा, की ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, आणि माणसांचं नि राष्ट्रांचं नशीब चालवणाऱ्या याहून मोठ्या शक्ती आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ही पाटी लावली. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टाने आपल्या भिंतीवर त्या कैद्याचे शब्द कोरून ठेवले.

शाळेत हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. राजद्रोह, सहा वर्षं, मंडाले, गीतारहस्य. पण बादलीच्या प्रकरणानंतर मी त्या खटल्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. मी ग्रंथालयात जाऊन खटल्याचा वृत्तान्त काढला. आणि मला कळलं, की तो खटला बऱ्याच अंशी मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरावर लढला गेला होता.

१९०८: मराठी लेख, इंग्रजी कोर्ट

थोडं मागे जाऊया. ३० एप्रिल १९०८ ला बिहारमधल्या मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला. खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांना इंग्रज न्यायाधीश किंग्सफोर्डला मारायचं होतं, पण गाडीत दोन इंग्रज स्त्रिया होत्या आणि त्या मारल्या गेल्या. त्यानंतर केसरीत लेख आले. १२ मेच्या अंकातला 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनच्या अंकातला 'हे उपाय टिकाऊ नाहीत', या दोन लेखांवरून खटला भरला गेला. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली.

जामिनासाठी अर्ज केला बॅरिस्टर मोहम्मद अली जिनांनी. हो, तेच जिना. समोर न्यायमूर्ती होते दिनशा दावर. आणि इतिहास कसा वळसे घेतो बघा. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला होता, तेव्हा टिळकांच्या बाजूने उभे राहून जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते हेच दावर! ११ वर्षांनी तेच न्यायासनावर होते आणि त्यांनी जामीन नाकारला.

पुढचा प्रश्न होता ज्युरीचा. तेव्हा हायकोर्टातल्या अशा खटल्यांत दोषी की निर्दोष हे ज्युरी ठरवायची. सरकारने 'स्पेशल ज्युरी' मागितली. स्पेशल ज्युरीच्या यादीत युरोपियन लोकांचा भरणा असायचा. टिळकांच्या बाजूने याला विरोध झाला, आणि त्यातला मुद्दा अगदी साधा होता. लेख मराठीत आहेत, तेव्हा मराठी समजणारी माणसं ज्युरीत हवीत. तो विरोध टिकला नाही. नऊ जणांची ज्युरी बसली. सात युरोपियन, दोन पारशी.

१३ जुलैला खटला सुरू झाला. टिळकांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडली. सरकारतर्फे भाषांतर खात्यातला साक्षीदार उभा राहिला, आणि टिळकांनी त्याची उलटतपासणी घेतली, एकेका शब्दावरून. या मराठी शब्दाला तुम्ही हा इंग्रजी शब्द का घातला? त्याची छटा तीच आहे का? मग ज्युरीसमोरचं त्यांचं भाषण कित्येक दिवस चाललं, एकूण २१ तासांच्या आसपास. त्यात कायदा होता, वृत्तपत्रस्वातंत्र्य होतं. पण पुन्हा पुन्हा हाही मुद्दा होता, की तुमच्यासमोर आहेत ते माझे शब्द नाहीत, त्यांची भाषांतरं आहेत, आणि ती चुकीची आहेत.

आता ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. एक माणूस, जो मराठीत लिहितो आणि ज्याचं लिहिलेलं महाराष्ट्रभर वाचलं जातं, तो आपल्याच वाक्यांचा अर्थ परक्या भाषेत समजावून सांगतोय. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी केसरीचा अंक कधी उघडलेला नाही. आणि ज्यांना ते लेख वाचता आले असते, ती माणसं बाहेर रस्त्यावर उभी होती. निर्णय घेणारे आत, भाषा कळणारे बाहेर.

२२ जुलैला, रात्र झाल्यावर, ज्युरीने मत दिलं. सात विरुद्ध दोन, दोषी. युरोपियन सातही एका बाजूला, पारशी दोघं दुसऱ्या. तशीच विभागणी १८९७ लाही झाली होती, तेव्हा सहा विरुद्ध तीन. दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा दिली. दुसऱ्याच दिवशी, २३ जुलैला, टिळकांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती. त्या रात्रीच त्यांना रेल्वेने गुजरातकडे नेलं, आधी साबरमतीचा तुरुंग आणि मग ब्रह्मदेशातलं मंडाले.

बाहेर उभ्या असलेल्या लोकांनी मात्र आपला निकाल दिला. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी संप केला. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस गिरण्या बंद, असं तेव्हापासून सांगितलं जातं. गोळीबार झाला, माणसं मेली. त्या कामगारांना कोर्टात बसायला जागा मिळाली नसती, पण आत काय घडलं हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आणि आपल्याला कसं कळलं? मी ग्रंथालयात बसून त्या खटल्यातली उलटतपासणी कशी वाचू शकले? कारण कुणीतरी तिथे बसून ते उतरवून घेतलं होतं. न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी या खटल्याचा सविस्तर वृत्तान्त छापला. शिक्षा थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं, पण झालेला प्रत्येक शब्द जपून ठेवणं हातात होतं. त्यामुळेच शंभरहून अधिक वर्षांनी माझ्यासारखी एक विद्यार्थिनी सांगू शकते, की हा युक्तिवाद इथे डळमळीत होता.

तिथे मला पहिल्यांदा कळलं, मागचा बाक कशासाठी असतो ते.

दार उघडं, पण किती?

आपल्या कायद्यात आज हे स्पष्ट आहे. खटला चालतो ती जागा खुलं न्यायालय समजली जाते. जागा असेल तोवर कुणीही येऊन बसू शकतं. ओळखपाळख लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. पण हे दार किती उघडं ठेवायचं, यावर बरंच भांडण झालंय, आणि त्यातलं मोठं भांडण मुंबईतलंच आहे.

१९५९ चा नानावटी खटला तुम्हाला सिनेमांमुळे माहीत असेल. नौदलाच्या अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. मुंबईच्या सेशन्स कोर्टात तुडुंब गर्दी, पेपरांत रोज तेच. 'ब्लिट्झ' साप्ताहिक तर उघड नानावटींच्या बाजूने उभं राहिलं. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. म्हणजे बघणारे लोक नेहमी शहाणेच असतात असं नाही. गर्दी न्यायाची राखण करते, तशी कधीकधी न्यायाला ढकलूनही नेते. ज्युरीची पद्धत पुढे हळूहळू गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

काही वर्षांनी हेच 'ब्लिट्झ' पुन्हा हायकोर्टात आलं. संपादकांवर अब्रुनुकसानीचा दावा होता. एका साक्षीदाराने विनंती केली, माझी साक्ष पेपरात छापू देऊ नका, माझ्या धंद्याचं नुकसान होतं. न्यायमूर्ती तारकुंडेंनी ती मान्य केली. म्हणजे बातमीदाराने बसायचं, ऐकायचं, पण लिहायचं नाही! नरेश मिरजकर नावाचे पत्रकार आणि त्यांचे सहकारी थेट सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला. खुली सुनावणी हाच नियम, पण न्यायासाठीच गरज पडली तर अपवाद करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असं बहुमताने सांगितलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

आणि कधीकधी दार बंद असणंच न्यायाचं असतं. विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्यात एक बदल असा, की बलात्काराचे खटले बंद दाराआड चालवायचे. अनोळखी माणसांच्या भरल्या कोर्टात त्या बाईला ते सगळं पुन्हा सांगायला लावणं, हा दुसरा अत्याचारच होता. तेव्हा कोर्टात गेलात आणि शिपाई म्हणाला, "आत्ता बाहेर थांबा," तर हुज्जत घालू नका. ते दार कुणाला तरी नीट बोलता यावं म्हणून बंद झालेलं असू शकतं.

एक विद्यार्थी आणि तुमचा मोबाईल

आता शेवटचा टप्पा. स्वप्निल त्रिपाठी नावाचा कायद्याचा विद्यार्थी. सुप्रीम कोर्टात सोमवारी आणि शुक्रवारी नव्या प्रकरणांची गर्दी असते, म्हणून त्या दिवशी इंटर्न विद्यार्थ्यांना कोर्टरूममध्ये सोडत नसत. जागा नाही, एवढंच कारण. आपण काय केलं असतं? कँटीनमध्ये बसून चहा प्यायलो असतो. याने याचिका टाकली. आत जागा नसेल तर कामकाज आम्हाला पडद्यावर दाखवा. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांचीही अशीच मागणी होती. २६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने थेट प्रक्षेपणाचं तत्त्व मान्य केलं. प्रत्यक्षात यायला चार वर्षं लागली. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या लोकांना आपापल्या फोनवर लाइव्ह दिसायला लागल्या.

बाकावर जागा मिळाली नाही म्हणून एक विद्यार्थी भांडला, आणि तो बाक देशभर पसरला. आज तुम्ही आणि मी, दोघंही त्या बाकावर बसलेलो आहोत. बसमध्ये, हॉस्टेलच्या गच्चीवर, कुठेही.

पण मला सारखी ती बादली आठवते. मी तर प्रत्यक्ष त्या खोलीत होते. आवाज स्वच्छ येत होता, भाषा माझीच होती. तरी मी चुकीचं लिहिलं. नुसतं दार उघडं असून भागत नाही. नुसतं दिसूनही भागत नाही. दहा सेकंदांची क्लिप बघून आपण ठरवतो, हा दोषी, तो निर्दोष, न्यायाधीश असे, वकील तसे. तेव्हा आपण कुणाचे शब्द ऐकत असतो? साक्षीदाराचे, की कुणीतरी क्लिपवर लिहिलेल्या मथळ्याचे?

त्या दिवशी कोर्टात सगळ्यांत नीट ऐकणारं माणूस कोण होतं माहितेय? त्या आजी. स्वतःचीच साक्ष त्यांनी लक्ष देऊन ऐकली. आणि जे दिसलं नाही, ते सांगायला नकार दिला. कदाचित आरोपी त्यांचा नावडता शेजारी असेल. पुन्हा त्याच नळावर त्याच फिर्यादीबरोबर रांगेत उभं राहायचं होतं त्यांना. तरी त्यांनी बादली हवेतच ठेवली. निकाल काय लागला मला कळलं नाही, तोवर माझी डायरी जमा झाली होती. पण जमा करण्याआधी मी ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, "उगारली. मारली, असे साक्षीदार म्हणाली नाही." खाडाखोड तशीच ठेवली. सरांनी त्याखाली बारीक रेघ मारून 'छान' लिहिलं होतं.

तर मंडळी, या महिन्यात एक सकाळ काढा आणि जवळच्या कोर्टात जाऊन बसा. कायदा शिकत असाल-नसाल, काही फरक पडत नाही. ओळखपत्र जवळ ठेवा, हायकोर्टात गेलात तर गेटवर पास लागेल. फोन सायलेंटवर नको, सरळ बंद करा, आणि रेकॉर्डिंग तर अजिबात नाही. आत जाताना किंचित मान झुकवा. पाय खाली ठेवा, हे मी अनुभवाने सांगतेय. पहिला तास कंटाळा येईल. बसून राहा. आणि कुणी मराठीत बोलायला लागलं, की त्याचा शब्द तसाच्या तसा कानात ठेवा.

कोर्टाचा तुमचा एखादा अनुभव असेल तर मला नक्की कळवा. फक्त केसमधल्या लोकांची नावं सांगू नका. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, नीट ऐकत राहा!